१९५० साली भारत ब्राझीलला गेला असता तर?

प्रश्न असा आहे: १९५० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला भारत पात्र ठरला होता, पण गेला नाही, गेला असता तर आपल्या संघाचं काय झालं असतं? सोलापुरात माझ्याकडे सरावाला येणाऱ्या पोरांमध्ये यावरून दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, तेव्हा आशियात आपल्याला तोड नव्हती, सेमीफायनल तर नक्की होती. दुसरा म्हणतो, दहा-दहा गोल खाऊन आलो असतो, गेलो नाही तेच बरं. त्यांच्यातल्याच एकानं मला हे सविस्तर लिहून मागितलं. प्रशिक्षक म्हणून मला दोन्ही बाजू पटत नाहीत, म्हणून नीट लिहितो.

सेमीफायनलवाल्यांसाठी पहिली गोष्ट: त्या स्पर्धेत सेमीफायनल नव्हतीच. चार गटांचे चार विजेते, त्यांची पुन्हा साखळी, आणि त्या साखळीत जो वर राहील तो जगज्जेता. गटात दुसरा आलात तर घरी. आपण पात्र ठरलो तेही एकही सामना न खेळता, कारण आपल्या पात्रता गटातले ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स तिघांनीही माघार घेतली होती. ब्राझीलमध्ये आपल्या वाट्याला आले स्वीडन, इटली आणि पॅराग्वे. इटलीनं आधीचे दोन्ही वर्ल्ड कप, १९३४ आणि १९३८ चे, जिंकलेले. स्वीडनकडे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण. पॅराग्वे १९४९ च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेचा उपविजेता. त्या स्पर्धेत त्यांनी ब्राझीलला त्यांच्याच घरी २-१ नं हरवलं होतं आणि मग निर्णायक सामन्यात ०-७ असा मार खाल्ला होता. यातला एकही पेपर सोपा नव्हता.

आता खरी अडचण. पोरं कागदावर जो संघ मांडतात तो १९५० चा नसतोच. गोलमध्ये पीटर थंगराज, मागं जर्नेलसिंग, पुढं पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम. अरे, १९५० साली पी. के. आणि बलराम चौदा वर्षांचे होते, चुनी बारा. नेव्हिल डिसूझा, ज्यानं १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, तो अठराच्या आसपासचा. जकार्ताच्या १९६२ च्या एशियन गेम्सचा सुवर्णपदकवाला संघ उचलून १९५० च्या ब्राझीलमध्ये सोडायचा आणि समोर मात्र १९५० चाच स्वीडन ठेवायचा, हे काही खरं नाही. ‘असं झालं असतं तर’ हा खेळ मला मनापासून आवडतो, पण त्याला नियम हवा. त्या जूनमध्ये जे खेळाडू होते तेच, त्यांच्या पायात जे होतं तेच, आणि आपल्याकडचा सामना जेवढ्या मिनिटांचा होता तेवढाच दम. एवढं पाळलं तर उत्तराच्या बरंच जवळ जाता येतं.

मग त्या जूनमध्ये होतं कोण? माझी पद्धत सोपी आहे. १९४८ चा लंडनचा संघ घ्यायचा, मार्च १९५१ चा दिल्लीतल्या पहिल्या एशियन गेम्सचा संघ घ्यायचा, आणि दोन्हींत जे दिसतात ते पक्के धरायचे. बचावात शैलेन मन्ना. मधल्या फळीच्या पुढं चेंडू खेळवणारा बंगळूरचा अहमद खान. गोल मारायला मेवालाल. त्या वर्षांत कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबच्या पुढच्या फळीला पंचपांडव म्हणत: व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. या जोरावर त्यांनी १९४९ ते १९५१ सलग तीन वर्षं आयएफए शील्ड ही कोलकात्याची मानाची स्पर्धा जिंकली. लंडनचे कर्णधार तालिमेरेन आओ १९५० पर्यंत डॉक्टरकीचं शिक्षण पुरं करत होते, त्यामुळं ते गेले असते की नाही यावर वाद घालायला जागा आहे. मी त्यांना संघात घेतो.

आणि प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. आपल्या सोलापूरकरांना हे नाव परकं वाटायचं कारण नाही. फुटबॉलचं वेड म्हटलं की आपण लगेच कोल्हापूरकडं बघतो, ते बरोबरच आहे. पण त्या काळात दख्खनमधली फुटबॉलची खरी राजधानी हैदराबाद होती. रहीमसाहेबांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ ओळीनं पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स कप नेला. हैदराबादहून मुंबईकडं जाणारा रेल्वेचा रस्ता आपल्याच स्टेशनावरून जातो. तेव्हा देशातली सगळ्यात शिस्तीची फुटबॉलबुद्धी आपल्या शेजारच्या शहरात होती, हे पोरांना माहीत असायला हवं.

बुटांबद्दल आता, कारण हा विषय निघाला की सगळे तिथंच अडकतात. फिफानं अनवाणी खेळायला बंदी केली म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. खुद्द शैलेन मन्नांनी पुढं सांगितलं की ती सबब होती. भारतीय फुटबॉल फेडरेशननं त्या वेळी दिलेली कारणं वेगळीच होती: संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला ब्राझीलवाले तयार होते. त्यामागची गोष्ट अशी की तेव्हा आपल्याकडं ऑलिंपिक हीच मोठी स्पर्धा मानली जायची. वर्ल्ड कपचं आज जे वजन आहे ते १९५० मध्ये भारतात कुणालाच वाटत नव्हतं. गटांची सोडत २२ मे ला निघाली आणि स्पर्धा २४ जूनला सुरू झाली.

पण आपण अनवाणी खेळायचो हे तर खरंच होतं, आणि त्याचा मैदानावर नेमका काय परिणाम होतो हे मी रोज बघतो. आमच्याकडं येणारी बरीच पोरं अनवाणीच खेळत आलेली असतात, गल्लीत नाहीतर मुरमाच्या मोकळ्या मैदानात. अशा पोराचा पहिला टच बघा. चेंडू आला की तळपायानं अलगद ओढतो, बोटांनी वळवतो, चेंडू पायापासून वीतभरही सुटत नाही. त्यालाच बूट घातले की पहिले काही आठवडे चेंडू हातभर पुढं पळतो आणि पोरगं रडकुंडीला येतं. म्हणजे अनवाणी खेळणं हा नुसता गरिबीचा प्रकार नव्हता, त्यात कौशल्य होतं, आणि १९४८ ला लंडनच्या प्रेक्षकांनी त्याला टाळ्या दिल्या त्या उगीच नाही.

पण आता तोच पोरगा बूटवाल्यासमोर अर्ध्या-अर्ध्या चेंडूला उभा करा. चेंडू मधोमध, दोघांनी एकदम पाय घालायचा. अनवाणी पोरगा पाय घालतो, पण शेवटच्या क्षणी किंचित आवरता घेतो. तो घाबरतो असं नाही. बोटांवर एकदा स्टड पडलेला असतो, ते पाय विसरत नाही. चेंडू बूटवाल्याकडं जातो. एका सामन्यात असे प्रसंग मोजायला बसलात तर कंटाळाल इतके येतात. दुसरी गोष्ट ओल्या मैदानाची. सोलापुरात वर्षातला बराच काळ जमीन कडक, कोरडी, त्यामुळं ही उणीव झाकून राहते. सप्टेंबरात पाऊस लागला आणि काळ्या मातीचा चिखल झाला की तीच पोरं वळताना घसरून पडतात, कारण पकडच नसते. आपल्या गटातला स्वीडन-पॅराग्वे सामना झाला तो कुरितिबाला. समुद्रसपाटीपासून नऊशेच्या वर मीटर उंचीचं गाव, आणि जून-जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. गार, ओलसर मैदान आणि आपले उघडे पाय. त्यात त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती. कुणाचा पाय ठेचला तर त्यानं लंगडत खेळायचं, नाहीतर दहा जणांनी सामना ओढायचा.

माझ्या मते मात्र पायांपेक्षा दम जास्त नडला असता. आपल्याकडं तेव्हा सामना सत्तर मिनिटांचा असायचा. बाहेर नव्वद. मैदानावर काम केलेल्या माणसाला विचारा, ही वीस मिनिटं म्हणजे काय ते. शरीर सत्तर मिनिटांचं घडवलेलं असेल तर एकाहत्तराव्या मिनिटाला खेळाडू कोसळत नाही. तो धावतोच, पण माणूस सोडायला लागतो. बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, एक पाऊल उशिरा पोहोचतो, हाफ, म्हणजे मधल्या फळीतला, मागं यायचा विसरतो. लंडनमध्ये फ्रान्सविरुद्धचा सामना आठवा. दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. तरीही सारंगपाणी रामनच्या गोलामुळं १-१ अशी बरोबरी होती, आणि ८९ व्या मिनिटाला फ्रान्सनं दुसरा गोल मारला. पोरं पेनल्टींवर हळहळतात, मी त्या ८९ व्या मिनिटावर हळहळतो.

तिसरं कारण मांडणीचं. युरोपातले संघ तीन बॅकवर गेलेले होते, मधला हाफ मागं खेचून त्यानं समोरच्या सेंटर फॉरवर्डला धरायचं. कोलकात्याच्या मैदानावर अजून दोन बॅकची जुनी पद्धत चालू होती. दोन बॅक, समोर वेगवान सेंटर फॉरवर्ड आणि दोन्ही बाजूंनी विंगर. यात मन्नांसारखा खेळाडूसुद्धा एका वेळी एकालाच अडवू शकतो.

आता समोरचे. इटली नावानं मोठी, पण १९५० ची इटली जखमी होती. ४ मे १९४९ ला सुपर्गाच्या टेकडीवर विमान आदळलं आणि तोरिनोचा अख्खा संघ गेला. १९४७ मध्ये हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरांपैकी दहा जण याच क्लबचे होते, यावरून काय गेलं ते समजा. त्या धसक्यानं इटलीचा संघ ब्राझीलला विमानानं गेलाच नाही, बोटीनं गेला. इतके दिवस बोटीवर काढलेल्या संघाचे पाय कसे होतात हे वेगळं सांगायला नको. पहिल्याच सामन्यात स्वीडननं त्यांना ३-२ नं हरवलं. स्वीडनही अर्धाच होता. १९४८ चे त्यांचे ग्रेन, गुन्नार नोर्दाल आणि लीडहोल्म हे तिघं मिलानला जाऊन व्यावसायिक झाले म्हणून त्यांना संघात घेतलं नव्हतं. पण त्यांच्या जागी येप्सन, स्कोग्लुंड, पामेर अशी ताज्या दमाची पोरं आली. इटलीविरुद्ध दोन गोल येप्सनचे होते.

‘अर्धा स्वीडन म्हणजे आपली संधी’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की हा अर्धा स्वीडन जगात तिसरा आला. आणि पूर्ण स्वीडननं लंडनमध्ये दक्षिण कोरियाला १२-० नं हरवलं होतं, त्याच कोरियाला ज्यानं आधीच्या सामन्यात मेक्सिकोला पाच गोल घातले होते. आशियाई संघ एखाद्या दिवशी चमकतो आणि दुसऱ्या दिवशी अशी भिंत लागते, हे त्या काळात वारंवार दिसतं.

मग दहा गोल खाऊन आलो असतो का? हा आकडा पोरं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकवरून उचलतात, तिथं युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं हरवलं. पण तो युगोस्लाव्हिया बघा: १९४८ चा रौप्यविजेता, १९५२ चाही रौप्यविजेता, आणि १९५० च्या वर्ल्ड कपमध्ये स्वित्झर्लंडला ३-०, मेक्सिकोला ४-१ असं हरवून फक्त ब्राझीलपुढं हरलेला. माझ्या मते तो संघ त्या जूनमधल्या इटलीपेक्षा आणि पॅराग्वेपेक्षा वरचढ होता. म्हणून हेलसिंकीचा आकडा जसाच्या तसा ब्राझीलला लावणं मला मान्य नाही.

सगळे अमेरिकेचं उदाहरण देतात. याच स्पर्धेत त्यांनी बेलो ओरिझोंचीला इंग्लंडला १-० हरवलं, मग आपण का नाही? चांगला मुद्दा आहे, पण अमेरिकेचे तिन्ही सामने वाचा. स्पेनविरुद्ध ऐंशीव्या मिनिटापर्यंत ते १-० नं पुढं होते आणि शेवटच्या दहा मिनिटांत तीन गोल खाल्ले. चिलीकडून २-५ हरले. गटात तळाला राहिले. एक सामना उलटवता येतो. तीन सामने दम पुरला पाहिजे.

तर माझा हिशोब असा. स्वीडनकडून चार-पाच गोलांच्या फरकानं हरलो असतो. इटलीकडून तीनेक गोलांनी, कारण थकलेली असली तरी मागचा बचाव त्यांना येत होता आणि आपल्या पुढच्या फळीला उंच चेंडूवर त्यांच्याकडून काही मिळालं नसतं. पॅराग्वेविरुद्ध मात्र मी आशा धरतो. काही दिवसांच्या अंतरानं ब्राझीलला हरवणारा आणि ब्राझीलकडूनच सात खाणारा संघ म्हणजे मूडवर चालणारा संघ. सामना कोरड्या मैदानावर, दुपारच्या उन्हात झाला असता, अहमद खानला चेंडू धरायला दोन-चार हात जागा मिळाली असती, तर मेवालालचा एक गोल आणि १-१ किंवा १-२. तीन सामन्यांत दोन गोल आपले, नऊ-दहा त्यांचे, गटात चौथा क्रमांक. शरमेनं मान खाली घालायला लावणारं यात काही नाही.

एक गंमत मात्र गुणांची आहे, आणि ती पोरांनी वहीत मांडून बघावी. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. आपण नसताना गट असा संपला: स्वीडन ३, इटली २, पॅराग्वे १. आपण तिघांकडूनही हरलो असतो तर ५, ४, ३, म्हणजे क्रम तोच. पण स्वीडनशी आपण कसाबसा एक सामना बरोबरीत सोडवला असता आणि इटलीकडून हरलो असतो, तर स्वीडन ४, इटली ४. गतविजेत्यांचं दार आपल्यामुळं पुन्हा उघडलं असतं. भारत जिंकला नसता, पण जगज्जेतेपदाच्या शर्यतीत कोण राहणार हे ठरवण्यात आपला हात असता. मला विचाराल तर ‘आपण सेमीफायनल गाठली असती’ या स्वप्नापेक्षा हे जास्त खरं आणि जास्त रोमांचक आहे.

नुकसान काय झालं ते सांगतो. हेलसिंकीच्या त्या पराभवानंतर फेडरेशननं बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांना संघाची मांडणी बदलायला मोकळीक मिळाली, आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून आपण चौथे आलो. म्हणजे शिकायला चार वर्षं पुरली. हाच धडा १९५० ला ब्राझीलमध्ये मिळाला असता तर हेलसिंकीला आपण बुटात उतरलो असतो. शिवाय मधल्या काळात १९५१ चं दिल्लीचं सुवर्ण आलं, इराणला १-० हरवून, मेवालालच्या गोलावर, आणि ते घरच्या मैदानावर अनवाणी मिळालं. त्या यशानं आपण बदल करायची घाई केली नाही, असं माझं मत आहे.

म्हणून मी पोरांना म्हणतो, १९५० सोडा, १९६२ धरा. कल्पना करण्यासारखी स्पर्धा ती आहे. जकार्तामध्ये सप्टेंबर १९६२ ला आपण दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात २-१ हरवलं, पी. के. चा एक गोल आणि डोक्याला टाके असताना फॉरवर्ड म्हणून उतरवलेल्या जर्नेलसिंगचा दुसरा. त्याच वर्षीच्या चिली वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत आशियातून हाच कोरिया जपानला मागं टाकून पुढं गेला होता. आपण नावच दिलं नव्हतं. कोरियाची पुढची गाठ पडली ती युगोस्लाव्हियाशी, १९६१ च्या अखेरीस, आणि ते १-५, १-३ हरले. म्हणजे आपणही तिथवर पोहोचलो असतो तर समोर तेच जुने पाहुणे. १९५२ ला त्यांच्याशी फरक नऊ गोलांचा होता. १९५६ ला मेलबर्नमध्ये पहिला गोल नेव्हिलनं मारला आणि मग आपण १-४ हरलो, फरक तीनचा. १९६१ ला किती असता?

या वेळी संघ कागदावर उसना आणावा लागत नाही, सगळे ऐन भरात आहेत. गोलमध्ये थंगराज. मागं चंद्रशेखर, जर्नेल, अरुण घोष. मध्ये राम बहादूर आणि आपल्याच महाराष्ट्रातून खेळणारा फ्रँको. पुढं पी. के., चुनी, बलराम. पायात बूट, दम नव्वद मिनिटांचा, आणि बाकावर रहीमसाहेब. माझं उत्तर: बेलग्रेडला १-४, कोलकात्याला १-१. ज्याला हे पटत नसेल त्यानं खुशाल वेगळा आकडा सांगावा, पण आधी युगोस्लाव्हियाच्या गॅलिच आणि येरकोविचला कोण धरणार आणि शेकुलारात्सच्या पायातून चेंडू कोण काढणार, ते खेळाडूंच्या नावानिशी लिहून आणावं.